नाकाला विचारून स्कॉच घ्या

माझी पहिली सिंगल मॉल्ट स्कॉच मी पणजीतल्या एका दुकानातून घेतली. बोनस झाला होता, खिसा गरम होता. काउंटरवरच्या पोऱ्याला विचारलं, "चांगली कुठली?" त्याने स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बाटली काढली, शर्टाच्या बाहीने धूळ पुसली आणि म्हणाला, "ह्याच्यावर काय नाय." स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, कडक धुरकट माल होता. डिचोलीला मित्राच्या बाल्कनीत, जुलैच्या धो धो पावसात आम्ही चौघांनी ती उघडली. पहिल्या घोटाला सगळे गप्प. मग मित्राचा धाकटा भाऊ म्हणाला, "कितें रे हें? टिंचर?" उरलेली बाटली सहा महिने कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी पडून राहिली.

बाटली अस्सल होती, पोऱ्याही खोटं बोलला नव्हता. प्रश्न माझा चुकला होता. खानावळीत शिरून कोणी "चांगलं काय आहे" एवढंच विचारत नाही, मासे खाणार की शाकाहारी हे आधी सांगतो. स्कॉचच्या दुकानात मात्र आपण किमतीकडे बघून मान डोलावतो. पुढचं सगळं त्या चुकीतून शिकलेलं आहे. पहिल्यांदाच स्कॉच घेणाऱ्याने ह्याच क्रमाने जावं असं मला वाटतं.

पायरी १: आधी लेबल वाचायला शिका

स्कॉच म्हणजे काय हे ब्रिटनच्या २००९ च्या नियमांत बांधून दिलेलं आहे. ती स्कॉटलंडमध्येच बनलेली हवी, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. वरून घालायची मुभा दोनच गोष्टींची: पाणी, आणि रंगासाठी साधं कॅरॅमल.

आता नावं. "सिंगल मॉल्ट" म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भट्टीत एकेक घाणा घालून ऊर्ध्वपातन केलेली. काजूच्या फेणीची भट्टी पाहिली असेल तर तत्त्व तेच, फक्त मडक्याजागी घराएवढ्या उंचीचं तांब्याचं भांडं. "सिंगल" म्हणजे एकाच पिंपातली असं बरेच जण समजतात, तसं नाही. एकाच डिस्टिलरीची शंभर पिंपं एकत्र केली तरी ती सिंगल मॉल्टच. "ग्रेन" व्हिस्की गहू किंवा मक्यापासून, उंच खांबासारख्या अखंड चालणाऱ्या यंत्रात बनते. इनिअस कॉफी नावाच्या गृहस्थांनी १८३० मध्ये ह्या यंत्राचं पेटंट घेतलं. ती हलकी, सौम्य आणि स्वस्त पडते. मॉल्ट आणि ग्रेन मिसळली की झाली "ब्लेंडेड". ब्लॅक अँड व्हाइट, टीचर्स, शिवास, जॉनी वॉकरच्या रेड आणि ब्लॅक लेबल ह्या सगळ्या ब्लेंडेड. आणि नुसत्या मॉल्ट-मॉल्टचं मिश्रण असेल तर "ब्लेंडेड मॉल्ट". मंकी शोल्डर हे त्यातलं इथे सहज मिळणारं नाव.

ब्लेंडेड म्हणजे दुय्यम, हा समज मॉल्टवाल्यांनी पसरवलेला आहे. माझ्या घरी आजही रोजची बाटली ब्लेंडेडच असते.

गोव्यातल्या दुकानात एक गोष्ट आणखी बघायची. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. काही ब्लेंडेड स्कॉच स्कॉटलंडहून मोठ्या टाक्यांतून येतात आणि इथे भारतात बाटलीबंद होतात. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, हंड्रेड पायपर्स ही त्यातली ओळखीची नावं. दुकानदार त्यांना "बीआयआय" म्हणतात आणि परदेशातच भरलेल्यांना "बीआयओ". बीआयआय म्हणजे नकली नव्हे. मुरण्याचं काम स्कॉटलंडमध्येच झालेलं असतं. आयात करात फरक पडतो म्हणून ती स्वस्त. सिंगल मॉल्टच्या बाबतीत ही सोय नाही, कारण २०१२ च्या अखेरीपासून सिंगल मॉल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरणं सक्तीचं आहे.

भारतात भरलेल्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के हा विचित्र आकडा दिसेल. तो दारूचा कडकपणा मोजायच्या इंग्रजांच्या जुन्या प्रूफ पद्धतीचा अवशेष. शंभर प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे पाऊण भाग केले की ४२.८. जुन्या लेबलांवर "२५ यू.पी." (अंडर प्रूफ) असं लिहिलेलं असायचं, ते हेच.

आणि एक सापळा. "स्कॉच मॉल्ट मिसळलेली" असं अभिमानाने लिहिलेली भारतीय व्हिस्की स्कॉच नसते. तिचा मोठा भाग इथल्या मळीच्या किंवा धान्याच्या अल्कोहोलचा असतो, वर थोडी स्कॉच. प्यायला हरकत काहीच नाही, फक्त काय पितोय ते माहीत असावं.

पायरी २: स्वयंपाकघरात जाऊन नाक तपासा

हे दुकानात जायच्या आधी करायचं, आणि फुकट आहे.

सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला जातोय. तो वास आला की तुम्ही स्वयंपाकघरात डोकावता की खिडक्या उघडता? पावसाळ्यात करवंट्या पेटवल्यावर जो धूर कपड्यांना धरतो, तो तुम्हाला सुखाचा वाटतो की त्रासाचा? ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तुमचे निम्मे पैसे वाचतात.

खिडक्या उघडणाऱ्यांनी धुरकट स्कॉचच्या वाटेला निदान वर्षभर जाऊ नये. डोकावणाऱ्यांनी जरूर जावं, पण हळूहळू. हा धूर येतो पीटमधून. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. ती विटांसारखी कापून, सुकवून जाळतात. आयला बेटावर झाडं कमी आणि पीट भरपूर, त्यामुळे ओली बार्ली सुकवायला तेच जळण. तो धूर बार्लीत शिरतो आणि ऊर्ध्वपातनातूनही सुटत नाही. (लिहिताना "इस्ले" दिसतं, उच्चार "आयला". दुकानात दोन्ही चालतं.) धुराची तोंडओळख करून घ्यायला ब्लॅक लेबल उत्तम: कमीत कमी १२ वर्षांची, गोडसर, आणि मागे चूल विझल्यासारखा हलका धूर. टीचर्समध्येही तो आहे, कारण तिच्या गाभ्याला आर्डमोर ही पीटवाली मॉल्ट असते. ते जमलं की तालिस्कर १०: स्काय बेटावरची, मिरी आणि खारं वारं. ह्या दोन पायऱ्या चढल्यावरच लाफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन. लाफ्रॉइगला दवाखान्याचा वास येतो हे खरंच आहे. आयोडीन, पट्ट्या, समुद्राचं शेवाळ. ज्याला तो आवडतो त्याला दुसरं काही चालत नाही.

धूर नको असेल तर दुसरा प्रश्न. माडाचा गूळ, सुकं अंजीर, काळ्या मनुका, जायफळ, बेबिंकेचा खरपूस झालेला थर, ह्यांत जीव अडकतो का? मग तुम्ही शेरीच्या पिंपातल्या स्कॉचकडे वळा. शेरी ही स्पेनच्या हेरेझ भागातली वाइन. ती ज्या पिंपांत राहून गेली त्या पिंपांत व्हिस्की मुरवली की सुक्या मेव्याची चव उतरते आणि रंगही गडद येतो. अॅबरलोर १२ पासून सुरुवात करता येते. तिथून पुढे ग्लेनड्रॉनक १२. मॅकॅलनची शेरी ओक १२ सुंदर आहे, पण तिच्या किमतीत नावाचा हिस्सा मोठा आहे असं माझं मत.

आणि तुम्ही साखरेचं, व्हॅनिला आइस्क्रीमचं, ओल्या खोबऱ्याच्या वडीचं माणूस असाल तर बर्बनच्या पिंपातली घ्या. अमेरिकेच्या कायद्याने बर्बन दरवेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेली पिंपं मग करायची काय? ती मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. आज मुरत पडलेली बहुतेक स्कॉच अशाच पिंपांत आहे. ग्लेनमोरंजी ओरिजिनल हे ह्या घराण्याचं स्वच्छ उदाहरण. ती उंच मानेच्या भट्ट्यांत बनते, त्यामुळे जड वास वरपर्यंत पोचतच नाहीत. मंकी शोल्डरही ह्याच गल्लीतली, आणि खिशाला हलकी.

राहिली फळांची, मधाची, हिरव्या सफरचंदाची मंडळी. त्यांच्यासाठी ग्लेनलिव्हेट १२ आणि ग्लेनफिडिक १२ ठरलेल्या आहेत. ग्लेनफिडिकमध्ये नाशपाती शोधा, सापडते. ब्लेंडेडमध्ये ड्यूअर्सची व्हाइट लेबल.

प्रदेशांची नावं पाठ करू नका. स्पेसाइड, हायलँड, लोलँड, आयला, कॅम्बेलटाउन असे पाच अधिकृत भाग आहेत, पण त्यावरून चव ठरवायला गेलात तर फसाल. बुनाहावन १२ आयलाचीच, पण धूर जवळजवळ नाहीच. ब्रुकलॅडीची क्लासिक लॅडीही तशीच. पिंप कुठलं आणि पीट आहे की नाही, एवढे दोन प्रश्न विचारलेत तरी पुरे.

पायरी ३: खंबा घेऊ नका

माझ्यासारखी चूक करायची नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत ७५० मिलीची बाटली घ्यायचीच नाही. गोव्याची मोठी सोय ही की इथल्या दुकानांत ६० मिलीच्या चिमुकल्या बाटल्यांपासून क्वार्टरपर्यंत लहान मापं सहज मिळतात. सगळ्या नावांची मिळत नाहीत, मॉल्टची तर मोजकीच. जिथे मिळत नाही तिथे बारमध्ये ३० मिलीचा स्मॉल मागवा. पेगला महाग वाटेल, पण कपाटात पडून राहणाऱ्या बाटलीपेक्षा स्वस्तच.

तिसरा मार्ग आमचा. आम्ही चौघं जण वर्गणी काढून महिन्याला एक बाटली घेतो आणि फोंड्याला एकाच्या घरी बसतो. अट एकच: ज्याची पाळी त्याने निवडायची आणि बाकीच्यांनी विकत घेण्याआधी शिव्या द्यायच्या नाहीत. नंतर चालतात.

पायरी ४: ग्लास, पाणी आणि गोव्याचा उकाडा

रुंद तोंडाचा ग्लास बारमध्ये शोभतो, वास मात्र उडून जातो. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास हवा. खास ग्लेनकेर्न ग्लास मिळतो, नाहीतर वाइनचा लहान ग्लासही चालतो. १५-२० मिली ओता. नाक लगेच आत खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. तोंड किंचित उघडं ठेवलं की झणका कमी लागतो.

आता एक गोष्ट जी परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. "खोलीच्या तापमानाला प्या" असं ते सांगतात, पण त्यांची खोली १८-२० अंशांची असते. मे महिन्यात मडगावच्या फ्लॅटमध्ये ३३ अंश असताना तीच व्हिस्की ग्लासात ओतली की अल्कोहोल भसाभसा उडतं आणि नाकात दुसरं काही शिरूच देत नाही. नवशिक्याला वाटतं स्कॉच जळजळीत असते. बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. किंवा रिकामा ग्लास गार करून घ्या. एवढ्याने चव जागेवर येते.

पहिला घोट नीट, म्हणजे काहीही न मिसळता, दुसऱ्याआधी चमचाभर पाणी. पाणी घालणं म्हणजे बिघडवणं असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू पाणी मिसळल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो, असं स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकी हिशेबाने दाखवलं आहे. म्हणजे नाकाला तो जास्त सापडतो. बर्फाने उलट होतं, थंडीत वास झोपतात. चव ओळखायला बसला असाल तेव्हा बर्फ नको. कामावरून दमून येऊन बाल्कनीत पाय पसरले असतील तेव्हा हवा तेवढा घाला, सोडाही घाला. दुपारच्या उन्हात हलक्या ब्लेंडेडमध्ये सोडा आणि लिंबाची साल, ह्याला तोड नाही. लागावुलिनमध्ये मात्र कोला ओतू नका, माझ्यासमोर तरी.

पायरी ५: तीन ग्लासांची बैठक

एका संध्याकाळी तीन वेगळ्या घराण्यांतल्या तीन स्कॉच, प्रत्येकी २० मिली, शेजारी शेजारी ठेवा. क्रम असा: आधी हलकी फळांची, मग शेरीची, शेवटी धुराची. धुराची आधी घेतलीत तर पुढच्या दोन्ही पाण्यासारख्या लागतील. मध्ये साधं पाणी आणि एखादा कोरडा पाव.

चखण्यात रेशाद मसाल्याचा बांगडा ठेवू नका. मिरची आणि व्हिनेगर जिभेचा ताबा घेतात, मग ग्लासात काय आहे ह्याने फरक पडत नाही. भाजलेले काजू, विनामसाल्याचे चालतात. धुरकट ग्लासाबरोबर किसमूर मात्र खाऊन बघा. सुकी सुंगटं, खोबरं आणि पीट हे तिघे एकाच गावचे असल्यासारखे वागतात. शेरीवालीबरोबर बेबिंकेचा पातळ तुकडा.

प्रत्येक ग्लासाबद्दल एक ओळ लिहा, स्वतःच्या शब्दांत. "हिदर" आणि "टॉफी" तुम्ही आयुष्यात हुंगली नसतील तर लिहू नका. माझ्या वहीत एका स्कॉचपुढे "आजीच्या ट्रंकेतली साडी" असं आहे आणि मला ती चव आजही आठवते.

वय, रंग आणि किंमत

लेबलवरचं वय म्हणजे आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय. १२ लिहिलं असेल तर त्यात २० वर्षांचीही असू शकते, ११ ची नाही. वय वाढलं की लाकडाची चव वाढते, पीटचा जोर कमी होत जातो. त्यामुळे धूर आवडणाऱ्याने १० वर्षांची घेणं शहाणपणाचं, आणि नवशिक्याने १८ वर्षांचीवर पैसे घालवणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी होडी घेणं. रंगावर तर विश्वासच ठेवू नका. कॅरॅमलची परवानगी आहे हे वर सांगितलंच.

वयाचं गणित हवेवरही ठरतं. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. आपल्या हवेत हे प्रमाण कितीतरी जास्त, आणि लाकडाशी देवाणघेवाणही झपाट्याने होते. कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल मॉल्ट बनते ती ह्याच उकाड्यात मुरते, म्हणून कमी वयातही ती भरलेली लागते. तिला स्कॉच म्हणता येणार नाही, पण तिची धुरकट "बोल्ड" तालिस्करशेजारी ठेवून बघा. दोन समुद्रकिनाऱ्यांमधला फरक जिभेवर कळतो.

किमतीबद्दल एवढंच: गोव्यात शेजारच्या राज्यांपेक्षा कर कमी म्हणून बाटली स्वस्त, पण परदेशातून भरून येणाऱ्या स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्काचं ओझं राहिलं. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, त्यात हे शुल्क आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. एखादी महागडी मॉल्ट मनात असेल तर घाई करायचं कारण नाही.

घरी आणल्यावर

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर कडक अल्कोहोल बुचाला खातं. ऊन लागू देऊ नका. पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते, तिने आतल्या मालाला काही होत नाही. निम्म्याहून खाली आलेली बाटली मात्र लांबवू नका. आत हवा वाढली की चव पडत जाते. तळाशी उरलेली लहान बाटलीत काढून ठेवली तर टिकते.

गोव्यात पिण्याचं वय २१ पूर्ण. गाडी चालवायची असेल तर पिऊ नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा दोन पेगांआधीच गाठली जाऊ शकते.

आमचे भावोजी सावंतवाडीचे. दर चतुर्थीला आले की जाताना विचारतात, "दोन बाटल्या पिशवीत टाकू का रे?" गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू विनापरवाना महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. म्हणून त्यांची ग्लेनलिव्हेट आमच्याकडेच असते, फ्रीजवरच्या कपाटात, बाटलीवर पेनाने त्यांचं नाव लिहून.